मिडवे, ४ जून १९४२ : सूर मारण्याआधीचे सहा तास

घार पिलावर कशी येते, हे नातेपुत्यात कुणाला सांगावं लागत नाही. वर गरगरत असते, आणि एकदम पंख आवळून दगडासारखी खाली. डस्टी क्लाइस या अमेरिकी नौदल वैमानिकाच्या आठवणी वाचताना मला समुद्राआधी ती घार दिसली. त्याचं डॉन्टलेस विमान तसंच सूर मारून बॉम्ब टाकायचं. पुस्तकाचं नाव 'नेव्हर कॉल मी अ हिरो', मला हिरो म्हणू नका. क्लाइस २०१६ मध्ये शंभराव्या वर्षी गेला, पुस्तक २०१७ मध्ये आलं. ते नाव त्याने का दिलं असावं, ते या दिवसाच्या घड्याळात कळतं. वेळा मिडवे बेटाच्या आहेत.

पहाटे ४.३०
अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चार जपानी विमानवाहू नौकांवरून १०८ विमानं मिडवेवर हल्ल्याला निघाली. यातल्या कागा सोडून तिन्ही नौका आपल्या ओळखीच्या. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली भाजून काढलं होतं. सूर मारणाऱ्या जपानी वैमानिकांनी श्रीलंकेजवळच्या समुद्रात डॉर्सेटशायर, कॉर्नवॉल आणि हर्मिस या ब्रिटिश नौका बुडवल्या होत्या. या कामात तेव्हा त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

५.००
टोने या जपानी क्रूझरवरचं टेहळणी विमान अर्धा तास उशिरा उडालं.

७.००
मिडवेवर बॉम्ब टाकून झालेल्या जपानी विमानांच्या म्होरक्याचा, तोमोनागाचा, निरोप आला : आणखी एक हल्ला हवा. साधारण याच वेळी, जपान्यांना पत्ता नसलेल्या एंटरप्राइझ आणि हॉर्नेट या विमानवाहू नौकांवरून अमेरिकी विमानं उडू लागली.

७.१५
अ‍ॅडमिरल नागुमोने, जपानी ताफ्याच्या प्रमुखाने, हुकूम दिला : राखीव विमानांचे पाणतीर उतरवा, जमिनीवर टाकायचे बॉम्ब चढवा. एकेक पाणतीर आठशे किलोच्या आसपास. बंदिस्त डेकखाली, ढकलगाड्यांवरून, घाम गाळत ते काम सुरू झालं. अर्ध्या तासात उशिरा निघालेल्या त्या विमानाने कळवलं की शत्रूची जहाजं दिसताहेत. काम थांबलं, उलटं फिरलं. ८.२० ला कळलं की त्यात विमानवाहू नौकाही असावी. तोवर मिडवेहून परतणारी विमानं डोक्यावर आली होती, त्यांना उतरवून घेण्यात ९.१८ वाजले. उतरवलेले बॉम्ब तळघरात न्यायला सवड कुठली? ते तिथेच, पेट्रोल भरलेल्या विमानांशेजारी राहिले.

वाटेत
एंटरप्राइझच्या बॉम्बर तुकडीचा प्रमुख डिक बेस्ट. तुकडीत प्राणवायूच्या नळकांड्यांची तक्रार निघाली, आणि बेस्टच्या छातीत दाहक वाफ गेली. सोबत्यांना श्वास घेता यावा म्हणून तो तुकडीला पंधरा हजार फुटांवर घेऊन आला.

९.२०
पाणतीर टाकणारी अमेरिकी विमानं आधी पोहोचली. जुनी, संथ, पाण्यालगत सरळ रेषेत उडणारी. वॉल्ड्रनच्या आठव्या तुकडीची पंधराच्या पंधरा पडली. तीस माणसांतला एकटा जॉर्ज गे तरंगत वाचला. मागून आलेल्या दोन तुकड्यांचेही तेच हाल, आणि एकही पाणतीर लागला नाही. एंटरप्राइझच्या पाणतीर तुकडीत क्लाइसचा जिवलग मित्र टॉम एव्हरसोल होता. तो परतला नाही. पुस्तकाचं नाव इथून आलं असं मला वाटतं. जपानी लढाऊ विमानं या बिचाऱ्यांच्या मागे खाली गुंतली आणि वरचं आकाश मोकळं झालं.

९.५५
एंटरप्राइझच्या विमानांचा प्रमुख मॅक्लस्की तीसहून अधिक डॉन्टलेस घेऊन ठरल्या जागी पोहोचला होता. तिथे नुसतं पाणी. पेट्रोल संपत आलेलं. परतला असता तर कुणी बोल लावला नसता. तो उत्तरेकडे वळला. खाली एक एकटी विनाशिका वेगाने पांढरी रेघ ओढत चालली होती. आराशी तिचं नाव. नॉटिलस या अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवायला ती मागे थांबली होती, आता ताफा गाठायला पळत होती. मॅक्लस्कीने ती रेघ धरली.

१०.२२
आपल्याकडे तेव्हा ५ जूनची पहाट, चारला थोडाच अवकाश. मृग दोन-तीन दिवसांवर.

मॅक्लस्कीसोबतच्या क्लाइसने कागावर सूर मारला. शिखर शिंगणापूरच्या पाच-सहा पट उंचीवरून, जवळजवळ सत्तर अंशांत. पंखांच्या मागच्या कडेचे भोकाभोकांचे झडपे उघडलेले, म्हणून वेग आटोक्यात. पाठीला पाठ लावून बसलेला गनर आकाशाकडे तोंड करून उलटा खाली येतोय. बॉम्ब सोडून विमान वर खेचताना रक्त पायांकडे धावतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. नेम लागला. एंटरप्राइझच्या दोन्ही तुकड्या कागावरच तुटून पडल्या, तेव्हा बेस्ट फक्त तीन विमानांनिशी अकागीकडे वळला. तिच्यावर थेट बसलेला बॉम्ब एकच, पण तो खालच्या त्या बॉम्ब-पाणतिरांच्या पसाऱ्यात फुटला. त्याच मिनिटांत यॉर्कटाउन या तिसऱ्या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या वैमानिकांनी सोर्यू पेटवली.

अकागीवर असलेल्या फुचिदा या जपानी वैमानिकाने आठवणींत लिहिलं की डेकवर विमानं उड्डाणाच्या बेतात होती, पाच मिनिटं मिळती तर चित्र पालटतं. पुढे पार्शल आणि टली या अभ्यासकांनी जपानी नोंदी तपासून दाखवलं की डेक बरेचसे रिकामे होते, विमानं खालीच होती. मला त्यांचंच पटतं. हरलेल्याला ती पाच मिनिटं आयुष्यभर पुरतात.

१७.०३
दुपारी हिर्यूच्या विमानांनी यॉर्कटाउन निकामी केली. टाकीला भोक पडलेलं विमान घेऊन, परत येता येणार नाही हे जाणून, तोमोनागा त्या हल्ल्यात गेला आणि मारला गेला. संध्याकाळी क्लाइस आणि बेस्ट पुन्हा उडाले, आणि हिर्यूही पेटली. जपानची तीन हजारांहून अधिक माणसं त्या लढाईत गेली.

दुसरी सकाळ
बेस्टला खोकल्यातून रक्त पडलं. त्या वाफेने छातीतला दबलेला क्षय जागा केला होता. बत्तीस महिने तो इस्पितळात होता. विमानात वैमानिक म्हणून तो पुन्हा कधीच बसला नाही.