ल आणि स यांच्यामधला आवाज

'ल' म्हणताना जिभेचे टोक जिथे लागते तिथे ते टेकवावे आणि कंठ न घुमवता नुसती फुंकर सोडावी. हवा जिभेच्या कडेने, दाढांजवळून घासत बाहेर पडते. हा अघोष पार्श्विक घर्षक. पूर्व येमेनचा महरा प्रांत आणि ओमानमधला धोफार इथल्या मेहरी भाषेत तो रोजच्या बोलण्यात आहे. 'दूध' हा शब्दच त्याने सुरू होतो.

मेहरी ही अरबीची बोली नव्हे. दोघी अफ्रो-आशियाई कुळाच्या सेमिटिक शाखेतल्या. पण मेहरी, सोकोत्री, जिब्बाली आदी सहा भाषांचा गट वेगळा. या भाषांना परंपरेने लिपी नाही. हा आवाज तोंडातोंडीच टिकला, हे विशेष.

आवाज मूळ सेमिटिक भाषेतला. अरबीत त्याचा 'श' झाला, हिब्रूत 'स'. दहाला अरबीत 'अशरा', हिब्रूत 'एसेर'. मेहरीत त्याच जागी जुना आवाज शाबूत आहे. हिब्रूने घेतलेल्या 22 अक्षरांत त्याला जागा नव्हती, म्हणून 'श'च्याच अक्षरावर भागवले गेले. फरक दाखवणारे टिंब कित्येक शतकांनी आले. दक्षिण अरबस्तानच्या प्राचीन शिलालेखांतल्या 29 अक्षरी लिपीत मात्र त्याला स्वतंत्र अक्षर होते.

सर्वांत सुंदर पुरावा ग्रीकांनी नकळत ठेवला. सुगंधी द्रव्याला हिब्रूत 'बोसेम' म्हणतात. हा सेमिटिक शब्द ग्रीकांकडे गेला तेव्हा त्यांच्याजवळ असा आवाज नव्हता. त्यांनी 'ल' आणि 'स' शेजारी ठेवून 'बाल्सामोन' केले. लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असे करत तोच शब्द मराठी घरात 'बाम' होऊन कपाळावर चोळला जातो.

या आवाजाचा एक जड भाऊही होता: अरबीतला 'दाद'. आठव्या शतकातला व्याकरणकार सिबवैही त्याची जागा जिभेची कड आणि लगतच्या दाढा अशीच सांगतो. स्पॅनिशमध्ये 'अल-कादी'चा 'अल्काल्दे' झाला, तो 'ल' याच उच्चाराची खूण. फारसीत त्याचा 'झ' झाला आणि मराठीत 'ज'. काजी, कर्ज, अर्ज, जिल्हा यांतला 'ज' तिथला. आजच्या प्रमाण अरबीत 'दाद' जड 'द'सारखा उच्चारतात. मेहरीत मात्र तो भाऊही पार्श्विकच आहे.

रिचर्ड स्टाइनर यांनी 1977मध्ये हे पुरावे एकत्र मांडले. जॉन्स्टन यांचा मेहरी कोश त्यांच्या निधनानंतर 1987मध्ये छापला गेला.