युद्ध, विस्थापन आणि संगीतकाराची कारकीर्द : वॉल्टर कॉफमन यांचा मुंबईतील कालखंड (१९३४–१९४६)

प्रस्तावना :
युद्धाचा इतिहास सामान्यतः रणांगण, तह आणि सीमारेषा यांच्या आधारे लिहिला जातो. कलावंताच्या उपजीविकेवर होणारा युद्धाचा परिणाम त्यात दुर्लक्षित राहतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर कीव्ह सिम्फनी ऑर्केस्ट्रा युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि पुढे जर्मनीतील गेरा शहरात मुक्कामी राहिला. दौरा व निर्वासन यांतील सीमा अशी पुसट होते. मुंबईच्या इतिहासात याचे पूर्वीचे उदाहरण वॉल्टर कॉफमन यांच्या रूपाने आढळते.

विषय विवेचन :
कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये कार्ल्सबाड (आजचे कार्लोव्ही व्हारी, झेक प्रजासत्ताक) येथे जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ज्यू संगीतकारांना जर्मनीतील रंगमंच बंद झाले. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत आले व त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. व्हायोलिनवादक मेहली मेहता हे त्यांचे सहकारी होते.

१९३८ च्या म्युनिक करारानुसार कार्ल्सबाड जर्मनीकडे गेले आणि परतीचा मार्ग खुंटला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्रीय’ म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत हिटलरच्या छळाला कंटाळून आलेले ज्यू निर्वासितही होते. अशा काळात १९३७ ते १९४६ पर्यंत कॉफमन यांनी ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले. मैफली व दौऱ्यांवर अवलंबून असणाऱ्या कलावंताला येथे नभोवाणीच्या नोकरीचा आधार मिळाला. आकाशवाणीच्या सुपरिचित संकेतधुनीचे श्रेयही सर्वसाधारणपणे त्यांनाच दिले जाते.

निष्कर्ष :
१९४६ मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमार्गे ते कॅनडात गेले, १९४८ मध्ये विनिपेग सिम्फनीचे संचालक झाले व १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन करू लागले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र या ज्ञानाचे श्रेय विस्थापनाला देणे उचित नव्हे. युरोपातील त्यांची कारकीर्द त्याच विस्थापनाने हिरावून घेतली होती. मुंबईने त्यांना व्यासपीठ दिले, परंतु त्यांची स्मृती जपली नाही. महाराष्ट्रातील असंख्य घरांत ज्या धुनीने पहाट उजाडली, ती एका निर्वासिताची होती, याची जाणीव फार थोड्या श्रोत्यांना होती.