नकाशा कोणी काढला? गिरणगावाची गोष्ट



मागच्या वेळी आपण ग्रामसभेबद्दल बोललो होतो. तेव्हा एका गटातून प्रश्न आला : "आमच्याकडे निदान ग्रामसभा तरी आहे. मुंबईसारख्या शहरात रस्ता कुठून जाणार, बाग कुठे होणार, चाळ पाडायची की ठेवायची हे कोण ठरवतं? तिथल्या बायकांना कोणी विचारतं का?" प्रश्न चांगला आहे. आज त्याचं उत्तर शोधू. त्यासाठी गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात जायचं आहे. हा भाग आपल्याला परका नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत आजा नाहीतर बाप गिरणीत होता. मनिऑर्डर तिथूनच यायची.

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. दाटीवाटीची, अंधारी वस्ती हे रोगाचं मूळ आहे असं सरकारने ठरवलं आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी एक मंडळ नेमलं. त्याचं नाव सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. या मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याकडे मोकळी जमीन घेऊन नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्यांचीच आखणी. आजही तिथे गेलं की झाडांची सावली आणि रुंद रस्ते पाहून बरं वाटतं.

पण या मंडळात कोण बसत होतं ते पाहा. सरकारी अधिकारी होते, महापालिकेचे प्रतिनिधी होते. बंदर चालवणाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, गिरणीमालकांचे प्रतिनिधी होते. ज्यांची घरं पाडायची होती त्या भाडेकरूंना जागा नव्हती. बाई तर नव्हतीच. त्यामुळे झालं असं, की पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरं फार थोडी भरली. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली. सुधारणा झाली, पण ती दुसऱ्याची झाली.

पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभारल्या. एकूण २०७ चाळी. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका खोलीत आठ-दहा माणसं, कधी त्याहून जास्त. ज्यांचं कुटुंब गावाला होतं ते गडी मिळून एकाच खोलीत राहायचे. त्यांच्या जेवणाचं कोण बघणार? तर खानावळवाली बाई. पहाटे उठून पन्नास-साठ भाकऱ्या थापायच्या, पाळी बदलली की पुन्हा ताटं वाढायची. संप झाला, पगार थकला, तरी उधारीवर जेवू घालायचं. या बायकांच्या पाठीशी उभं राहायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे. गिरणगाव चालत होतं ते गिरणीच्या भोंग्यावर आणि या बायकांच्या चुलीवर. पण शहराच्या नकाशात गिरणी दिसत होती, खानावळ दिसत नव्हती.

आता नकाशाबद्दल. स्वातंत्र्यानंतर शहराचा विकास आराखडा करायची पद्धत आली. कुठली जमीन घरांना, कुठली कारखान्यांना, शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कुठे, हे वीस वर्षांसाठी कागदावर ठरवायचं. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ साली लोकांसमोर आला आणि लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. तेव्हा तीन नागरिकांनी एक मोठी सूचना केली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ही ती तिघं. बेटावर आणखी गर्दी करू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने ते मानलं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. नुसत्या सूचनेतून अख्खं शहर उभं राहू शकतं, हे यातून कळतं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आपण गावच्या बायकांनी जास्त नीट ऐकायला हवी. ते शहर मोकळ्या माळावर वसलं नाही. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. त्या गावांना आधी कोणी विचारलं नव्हतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सल्ला देणाऱ्यांची बुद्धी खरी होती, हेतूही चांगला होता. पण ज्यांची जमीन जाणार ती माणसं सल्ल्याच्या वेळी जवळ नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली.

पुन्हा परळ-लालबागला येऊ. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कितीतरी घरांतलं सोनं मोडलं. पोरांच्या शाळा सुटल्या. बायकांनी पापड लाटले, धुणी-भांडी केली, काही जणी मुलं घेऊन गावी परतल्या. आपल्यातल्या काही जणींनी हे लहानपणी पाहिलं आहे.

गिरण्या बंद झाल्या, पण त्यांच्याखालची जमीन होतीच. शहरात ५८ गिरण्या, त्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या मधोमध. यातली बरीचशी जमीन पूर्वी गिरणी चालवायला म्हणून स्वस्तात दिलेली होती. मग आता ती कोणाची? १९९१ साली सरकारने नियम केला : जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी पाहिलेल्या आपल्याला हे लगेच समजतं. वाटणी कागदावर चांगली होती.

१९९६ साली सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचं काम मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरतं राहिलं. गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या विकू नका, सगळ्यांचा मिळून एकच विचार करा, म्हणजे मोठी मैदानं निघतील, घरं निघतील आणि परळ व एल्फिन्स्टन स्थानकांजवळ लोकांना चालायला मोकळी जागा मिळेल, असं त्यांनी सांगितलं. अहवाल आला आणि पडून राहिला. तो मानलाच पाहिजे असं सरकारवर बंधन नव्हतं.

२००१ साली नियमात बदल झाला. वाटणी आता संपूर्ण जमिनीची करायची नाही, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. दोन-चार शब्दांचा फरक. पण गिरणीच्या आवारात शेड, गोदामं, चाळी असतातच. मोकळी जागा उरते किती? सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही नागरिकांची संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मॉल आले, काचेचे टॉवर आले.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवते? एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, तिथे येणारी माणसं वाढत गेली, पूल मात्र जुनाच होता. चालायला जागा ठेवा, हे २१ वर्षांपूर्वी कागदावर सांगून झालं होतं.

मग लोकांनी काही केलंच नाही का? केलं. दत्ता इस्वलकर यांनी १९८९ साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. नोकरी गेली, पण जमिनीवर आमचा हक्क आहे, आम्हाला घर द्या, ही मागणी त्यांनी सोडली नाही. मोर्चांत म्हाताऱ्या कामगारांबरोबर त्यांच्या बायका होत्या, विधवा होत्या, गावाहून एसटीने आलेल्या होत्या. २००१ च्या नियमात कामगारांच्या घरांची तरतूद झाली ती या रेट्यामुळे. २०१२ साली म्हाडाने सुमारे ६,९०० घरांची सोडत काढली. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात होते. पुढे आणखी सोडती निघाल्या, तरी अनेक घरांत अजून वाट पाहणं चालू आहे. ही समिती कुणी नेमलेली नव्हती, लोकांनी स्वतः केलेली होती, आणि नेमलेल्या अभ्यासगटाला जे जमलं नाही त्यातलं थोडं तिने मिळवलं.

शेवटची गोष्ट अलीकडची. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांच्या आराखड्यासाठी महापालिकेने आधी जमिनीच्या सध्याच्या वापराचे नकाशे केले. नागरिकांच्या संस्था एकत्र आल्या आणि ते नकाशे घेऊन वस्त्यावस्त्यांत बसल्या. तेव्हा दिसलं की कोळीवाडे आणि झोपडपट्ट्या त्यात नीट दाखवलेल्याच नाहीत. नकाशात नाही, म्हणजे उद्या हक्कात नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखडा प्रसिद्ध झाला आणि हजारो हरकती आल्या. चुका इतक्या निघाल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करायला सांगितला. दुरुस्त आराखडा २०१६ साली आला, पुन्हा हजारो हरकती, पुन्हा सुनावण्या, आणि २०१८ साली तो मंजूर झाला. स्त्रियांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे त्यात नोकरदार स्त्रियांसाठी निवास, पाळणाघर, आधार केंद्र, बेघरांसाठी निवारा अशा जागा आल्या. स्त्रियांच्या प्रश्नांवर सल्ला देणारी समितीही महापालिकेने नेमली. या जागा प्रत्यक्षात उभ्या राहतात का, यावर आता लक्ष ठेवावं लागणार आहे.

तर मैत्रिणींनो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं. शहरात आपल्यासारखी ग्रामसभा नाही. तिथे बाईला विचारतात ते आराखडा छापून झाल्यावर, आणि तेही तिने हरकत नोंदवली तर. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा गावातच बसून करायचा असतो. शहरातल्या बायकांना जे भांडून मिळवावं लागलं, ते आपल्याला कायद्याने दिलेलं आहे. आणि आपण काय करतो? पुष्कळदा घरी आलेल्या रजिस्टरवर सही करतो.

गाव उद्या नगरपंचायतीत जाईल, शेजारून महामार्ग जाईल, कारखान्याची वसाहत येईल, तेव्हा आपल्याही दारात नकाशा येणार आहे. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवू. नकाशा आणि अहवाल मराठीत मागायचा. नकाशावर आपली विहीर, पाणंद, स्मशान, गायरान, अंगणवाडी आहे का ते बोट ठेवून पाहायचं. नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्यायची, गटाच्या सह्यांनी, आणि पोच घ्यायची. हरकत दिली की सुनावणीला बोलावतात. तिथे एकटीने जायचं नाही, पाच-सहा जणींनी जायचं.

या महिन्यात एवढं करू : ग्रामपंचायतीत जाऊन गावचा विकास आराखडा पाहायला मागू आणि गटाच्या बैठकीत तो मोठ्याने वाचू. त्यात काय सापडलं आणि काय सापडलं नाही, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच पत्रांवर बोलू.

नमस्कार.