सपाट तारेचा खर्ज

मैफलीत सर्वांत कमी वाखाणला जाणारा माणूस कोण, असे कोणी विचारले तर मी खर्ज सांभाळणाऱ्याकडे बोट दाखवीन. तंबोरा थांबतो तेव्हाच, इतका वेळ तो वाजत होता हे आपल्या ध्यानात येते. पाश्चात्त्यांच्या रॉक संगीतात हे काम बेस गिटारकडे असते. या गिटारला तारा कोणत्या लावाव्यात, यावरून वादकांत जो वाद १९६६ पासून चालत आला आहे, त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फराळ करता करता वाचकांनी तो अवश्य ऐकावा. कारण नवे आले की जुने बाद झालेच पाहिजे काय, हा आपल्या घराघरांतला प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

प्रथम तारेची घडण पाहू. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने करते. एवढा खालचा स्वर एकेरी तारेतून काढावयाचा तर ती इतकी जाड घ्यावी लागेल, की ती तार न राहता सळई होईल. म्हणून बारीक पोलादी गाभ्यावर धातूचे वेष्टण गुंडाळून तिचे वजन वाढवितात. वेष्टण गोल तारेचे असले तर ते बोटाला कानशीसारखे खरखरीत लागते. चपट्या पट्टीचे असले तर तार गुळगुळीत होते. गोल वेष्टणाच्या तारेत मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर पुष्कळ झंकारतात. तंबोऱ्याची जवारी लागली म्हणजे जे खुलते, त्याच जातीचे हे खुलणे. सपाट तारेत ते उपस्वर लवकर विझतात आणि मूळ स्वर भरीव उरतो.

१९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन’ नावाची बेस गिटार बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. तोवर बँडमध्ये खर्जासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस उभा असे. तो वाहून न्यावयाचा म्हणजे एक खटाटोपच. शिवाय विजेच्या गिटारपुढे त्याचा आवाज दबून जाई. फेंडर यांनी तोच खर्ज गळ्यात अडकविण्याजोग्या वाद्यात आणला. स्वर अचूक लागावा म्हणून दांडीवर पडदे बसविले (‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच) आणि तारेचे कंपन चुंबकाच्या साह्याने विजेत उतरविले. वाद्य असे सर्वस्वी नवे. तारा मात्र जुन्या वळणाच्या, सपाटच राहिल्या.

या तारांचे सोने केले ते डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सन यांनी. १९६०च्या दशकात मोटाउन कंपनीच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांखाली त्यांचा खर्ज आहे. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवीत. आणि तार तुटल्याखेरीज बदलीत नसत. जुनी, मळलेली, गोड झालेली तार त्यांना हवी असे. जग त्या गाण्यांवर नाचले, पण कंपनीच्या तबकडीच्या वेष्टणावर या वादकाचे नाव यावयास १९७१ साल उजाडावे लागले. १९८३ साली ते वारले. खर्ज सांभाळणाऱ्याच्या नशिबी काय असते, ते यावरून दिसावे.

इकडे लंडनमध्ये वारे बदलले होते. ‘द हू’ या मंडळींचे ध्वनिवर्धक दिवसेंदिवस मोठे होत होते, आणि त्यांचे बेसवादक जॉन एन्टविसल यांना पाठीमागे उभे राहून पाया भरणे मंजूर नव्हते. ‘माय जनरेशन’ या १९६५ च्या गाण्यात त्यांनी बेसलाच चार शब्द बोलावयास लाविले! त्यासाठी त्यांना पियानोच्या तारांसारखी खणखणीत तार हवी होती. त्या खटपटीत वाद्याच्या बारीक तारा तुटत, बदली तारा मिळत नसत, म्हणून दुसरी गिटारच विकत घ्यावी लागे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९६६ साली जेम्स हाउ यांच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर प्रयोग करून त्यांनी गोल वेष्टणाच्या बेस-तारा सिद्ध करविल्या. त्यांचा बोलबाला झाला. रॉक म्हणजे गोल तार, सपाट तार म्हणजे वाडवडिलांची, असा समज रूढ झाला.

इतिहास येथेच संपता तर त्यात नवल नव्हते. पण १९७५ साली पूर्व लंडनच्या स्टीव्ह हॅरिस यांनी ‘आयर्न मेडन’ हा बँड काढला. कर्कश म्हणावे असे हे संगीत; आणि हॅरिस यांच्या फेंडर बेसवर तारा आहेत सपाट! त्याही त्याच रोटोसाउंड कंपनीच्या, आणि जाड: इंचाच्या हजाराव्या भागात मोजल्या तर ५०, ७५, ९५ आणि ११०. दोन बोटांनी ते इतक्या जोराने छेडतात, की तार पडद्यांवर आपटून घोड्याच्या टापांसारखा आवाज उमटतो. १ फेब्रुवारी २००८ रोजी हा बँड मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजला. त्या रात्री हजारो तरुणांच्या छातीवर जो खर्ज आदळला, तो या ‘म्हाताऱ्या’ तारांचाच.

मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. जेमर्सन तार जुनी होऊ देत. हॅरिस यांना ती ताजी, चकचकीत लागते. जात एकच, पण वय निराळे, हात निराळा, म्हणून वाणीही निराळी. शाळेतून बाहेर पडलेली गिटारवेडी मुले विचारतात, तेव्हा मी हेच सांगतो. मोठ्या आवाजात दोन गिटारी आणि झांजा वरची सारी जागा व्यापून टाकतात. तेथे आणखी झणझणाट घालण्यापेक्षा खालची मोकळी जागा धरणे शहाणपणाचे. ध्वनिवर्धकातून बोटांची खरखरही शतगुणित होते; सपाट तारेत ती जवळजवळ नाही. पडदेही कमी झिजतात. परंतु नाजूक हाताने छेडाल तर ही तार गोंगाटात बुडून जाईल. तेव्हा तार नवी घ्यावी, ताणाला भक्कम घ्यावी, जोराने छेडावी, आणि ध्वनिवर्धकावर मधला पट्टा थोडा उचलावा. जाड तारांचा ओढा दांडीवर अधिक पडतो, म्हणून ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. आणि बेसलाच बोलके करावयाचे असेल, तर एन्टविसल यांची वाट खुली आहेच.

नव्या तारेने जुनीला बाद केले नाही; तिला केवळ तिची नेमकी जागा दाखवून दिली. घरातील वडीलधाऱ्यांचेही पुष्कळदा असेच असते. त्यांचा आवाज वरच्या पट्टीत ऐकू येत नाही, म्हणून तो नाहीच असे समजू नये. सारे घर त्या खर्जावरच तर गात असते.