"अंगावरून जातं": एका तक्रारीचा इतिहास

संयोजकांनी मला विषय दिला तो 'स्त्री-आरोग्य आणि संशोधन' असा. एवढा मोठा विषय पाऊण तासात घ्यायचा म्हणजे नुसती नावं आणि सनावळ्या वाचून दाखवाव्या लागतील, आणि त्या तुम्ही घरी बसूनही वाचू शकता. म्हणून मी एकच तक्रार घेतली आहे. तुम्ही सगळ्यांनी ती ऐकलेली आहे, फक्त कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलेली नाही. "अंगावरून पांढरं जातं."

या वाक्यात अवयवाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. माझी आत्या हे आईला सांगायची तेव्हा दोघी मोरीपाशी जायच्या, नळ सोडायच्या आणि मग बोलायच्या. बाहेर आम्हाला फक्त पाण्याचा आवाज यायचा.

आता प्रश्न असा की बाई जेव्हा हे सांगते तेव्हा ती नेमकं काय सांगते? आणि ती काहीच सांगत नाही, तेव्हा तिला काही होत नाही असं समजायचं का? या दोन प्रश्नांवर आपल्याच भागात, एक गडचिरोलीत आणि एक गोव्यात, असे दोन अभ्यास झाले. दोघांमध्ये साधारण पंधरा वर्षांचं अंतर आहे. वरवर पाहिलं तर त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. ती खरंच विरुद्ध आहेत का, हेच आज बघायचं आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. रघुनाथराव कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा ते एकट्या माणसाचं वेड समजलं गेलं. 1952 पासून कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. 1965 मध्ये लूप आला. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली, तिचा राग 1977 च्या निवडणुकीत निघाला, आणि त्यानंतर पुरुषांना हात लावायची कुणाची हिंमत राहिली नाही. कार्यक्रमाचं सगळं ओझं बायकांच्या टाक्याच्या ऑपरेशनवर आलं. नर्सबाईंच्या रजिस्टरात 'पात्र जोडपी' असायची: मुलं किती, शेवटचं केवढं, ऑपरेशन झालं की नाही. वर्षाचं टार्गेट असायचं आणि मार्च जवळ आला की धावपळ. म्हणजे सरकारला बाईच्या गर्भाशयात रस होता, पण तो तिथून किती माणसं बाहेर येतात एवढ्यापुरता. ती पोटुशी नसेल आणि तिला थांबवायचंही नसेल, तर मधल्या काळात ती बाई या कागदांवर कुठेच दिसत नाही.

गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथे आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. तिथले लोक आता त्यांना 'अम्मा' म्हणतात. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी होती. गरीब देशांतल्या खेड्यातल्या बायकांना स्त्रीरोग किती, याचे आकडे जवळजवळ नव्हतेच. होते ते दवाखान्यातले किंवा कुटुंबनियोजन केंद्रातले. पण जी बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही तिचं काय? विहिरीवर आलेल्या लोकांना तहान लागली आहे का, हे विचारून गावाची तहान मोजता येत नाही.

म्हणून दवाखान्यात न बसता गावात जायचं ठरलं. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. आता तुम्ही कल्पना करा, 1986 च्या सुमाराचं खेडं. तिथे जाऊन म्हणायचं, आम्हाला इथल्या सगळ्या बायकांची आतून तपासणी करायची आहे, आजारी असोत वा नसोत. लग्न झालेल्या, न झालेल्या, म्हाताऱ्या, सगळ्या. शहरात आजही हे जमणं कठीण. हे काम गावाशी बोलूनच होणार होतं, गावानं हो म्हटल्याशिवाय नाही. बाईची आधी सविस्तर मुलाखत, मग अंतर्गत तपासणी, रक्त-लघवी, स्रावाच्या काचपट्ट्या. 650 बायका तयार झाल्या.

निकाल 14 जानेवारी 1989 च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. तो चार पानांचा आहे. 650 पैकी 92 टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर एका बाईला 3.6 आजार. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि यापूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? 8 टक्के.

92 हा आकडा सगळीकडे गाजला. मला मात्र त्या लेखातले दुसरेच दोन आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. 55 टक्के बायकांनी काही ना काही तक्रार सांगितली होती आणि 45 टक्के बायकांनी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आजार 92 जणींना आणि तक्रार 55 जणींची. मधल्या बायकांचं काय? काही आजारांना लक्षणंच नसतात, हे खरं. पण दुसरीही शक्यता आहे. जे आईला होतं, सासूला होतं, जावेला होतं, ते 'आजार' या सदरात येतच नाही. ते बाईपणात येतं. राणीताईंनी पुढे खेड्यातल्या बायकांच्या याच बोलण्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'कानोसा'. आपण कानोसा कशाचा घेतो? जे सरळ ऐकू येत नाही त्याचा.

या लेखावर टीकाही झाली, आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. पात्र असलेल्या बायकांपैकी साधारण साठ टक्केच तपासणीला आल्या. ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील तर आकडा फुगतो. शिवाय गर्भाशयमुखाची सूज आहे की नाही हे काही अंशी तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतं. आणि पाळीच्या तक्रारीपासून गंभीर संसर्गापर्यंत सगळं एकाच टोपलीत मोजलं होतं. नंतर बडोदा, गुजरातचा ग्रामीण भाग, पश्चिम बंगाल आणि मुंबईच्या वस्त्या अशा चार ठिकाणी अभ्यास झाले. मुंबईतला इंदुमती पारीख यांच्या 'स्त्रीहितकारिणी'नं केला. तिथे तपासणीत सापडलेले आजार 92 टक्क्यांपेक्षा बरेच कमी होते. पण 'काही विशेष नाही' असं कुठेच निघालं नाही.

गडचिरोलीच्या लेखाचं शेवटचं म्हणणं असं होतं की स्त्रीरोगांची आणि लैंगिक आजारांची सेवा प्राथमिक आरोग्यसेवेतच असली पाहिजे. 1994 मध्ये कैरोला लोकसंख्येवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे 'प्रजनन-आरोग्य' हा शब्द जगानं स्वीकारला. आपल्याकडे एप्रिल 1996 मध्ये टार्गेटं काढून टाकली, निदान कागदावर. 1997 मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला. हे सगळं दोन गावांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, स्त्री-संघटनांनी अनेक वर्षं त्यासाठी भांडण केलं होतं. पण त्यांच्या हातात दाखवायला एक आकडा आला होता.

आता इथे गोष्टीला वळण लागतं. सरकारनं ठरवलं, बाईच्या तक्रारीवर उपचार करायचे. पण प्रयोगशाळा कुठे होत्या? सूक्ष्मदर्शक असला तर तंत्रज्ञ नाही, तंत्रज्ञ असला तर वीज नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत घेतली: लक्षण बघा आणि त्या लक्षणाला जे जे संसर्ग असू शकतात त्या सगळ्यांचं औषध एकदम द्या. पुढे त्याची रंगीत पाकिटं निघाली. 'पांढरं जातं' म्हटलं की हिरवं किट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. पोटात दुखतं म्हटलं की पिवळं. अडचणीतून काढलेली ही वाट होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्यात एक गृहीतक लपलं होतं. पांढरं जातं, म्हणजे संसर्ग आहे.

हे गृहीतक गोव्यात तपासलं गेलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बार्देशातल्या हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत 2001 ते 2003 या काळात अभ्यास केला. 18 ते 50 वयाच्या बायका, नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. जी येईल तिला घ्यायचं, असं नाही. 2494 जणींनी भाग घेतला. डॉक्टरनं नमुना घेण्याऐवजी बाईनं स्वतःच घेतला तर तो भरवशाचा ठरतो का, हेही गोव्यातच आधी छोट्या प्रमाणावर तपासून पाहिलं होतं. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते. अर्ध्या बायका तपासणीला नको म्हणतात त्या आजारामुळे नाही, त्या टेबलामुळे.

प्रयोगशाळेत जननमार्गाचा संसर्ग सापडला 28.3 टक्के बायकांमध्ये. त्यातले बहुतेक शरीरातल्याच जंतूंचं संतुलन बिघडून होणारे, संबंधांतून लागणारे फार कमी. आणि पांढरं जाण्याची तक्रार 14.5 टक्क्यांची. मग ज्यांना संसर्ग त्यांचीच तक्रार, असं होतं का? इथेच सगळं अडलं. तक्रार आणि संसर्ग यांचं नातं होतं, पण ते कमजोर होतं. घट्ट नातं होतं ते दुसऱ्याच गोष्टींशी: मनावरचा ताण, उदासी, आणि अंग दुखणं, मुंग्या येणं, गळून जाणं असे शरीरातून बोलणारे त्रास. बायकांना स्वतःला कारण विचारलं तर 36.6 टक्के म्हणाल्या ताण आणि मनाचे त्रास, 35.2 टक्के म्हणाल्या उष्णता, आणि संसर्ग म्हणणाऱ्या 30.5 टक्के. म्हणजे संशोधकांनी मोठं गणित मांडून जे काढलं, ते तिसरा हिस्सा बायका आधीच सांगत होत्या!

याचा सोपा आणि वाईट अर्थ लावता येतो. "बघा, काही नसतं, सगळं मनाचं असतं." तो अर्थ चूक आहे, आणि गडचिरोलीचा अभ्यास शेजारी ठेवला की का चूक आहे ते कळतं. दोन्हींचे आकडे एकमेकांशी तोलता येत नाहीत. एकानं सगळी स्त्रीरोगं मोजली, दुसऱ्यानं प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संसर्ग. जिल्हे वेगळे, गरिबी वेगळी, मधली वर्षं वेगळी. पण एका गोष्टीवर दोघे एकच बोलतात. गडचिरोली म्हणतं, बाई गप्प आहे म्हणून ती निरोगी नाही. गोवा म्हणतं, ती बोलली तर पहिल्या वाक्याला औषध देऊन मोकळे होऊ नका. तक्रार आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांनी दोन टोकांकडून दाखवलं. गोव्याच्या त्याच बायकांमध्ये सततच्या थकव्याचाही अभ्यास झाला आणि तिथेही मन आणि घरातली परिस्थिती हीच कारणं पुढे आली.

तुम्ही म्हणाल, एका पाकिटाचा प्रश्न, जास्त दिलं गेलं तर काय बिघडलं? बिघडतं ते पाकिटानं बरं वाटलं नाही की मग. बाई खाजगीत जाते, आणि तिथे तेच वाक्य बोलते.

बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची माहिती घेतली गेली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. साधारण सहा जणींत एक. देशाच्या आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण 3.2 टक्के होतं. वयोगट तंतोतंत एक नाही, पण फरक इतका आहे की त्यानं झाकला जात नाही. त्या फडातलं जगणं बघा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड. पाल ठोकून राहायचं, न्हाणीघर नाही, पाणी लांब. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, पाळीत काम होत नाही, असं म्हणत तिशीतली बाई डॉक्टरकडे गेली की तिला कॅन्सरची भीती घातली जायची. "मुलं झालीत ना? मग पिशवीचं काम काय?" हा प्रश्न आणि मघाचं ते पात्र जोडप्यांचं रजिस्टर एकाच विचारातून आलेले आहेत.

नंतर बीडमध्ये नियम झाला: खाजगी रुग्णालयाला अशी शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. चांगला नियम आहे. पण तो शेवटच्या दारावरचा पहारा आहे. त्याआधीच्या दारांवर, म्हणजे उपकेंद्रात, फडावर, कारखान्याच्या आवारात, तिला कोण विचारतं? आणि विचारायला अर्धा तास कुणाकडे आहे? वसा आणि अमिर्झामध्ये प्रत्येक बाईला आधी सविस्तर विचारलं होतं, मग तपासलं होतं. हळदोण्यातही तसंच. दोन्ही ठिकाणी तो संशोधनाचा वेळ होता, त्याला निधी होता. ओपीडीत तो वेळ कुठल्या खात्यात टाकायचा, ते अजून ठरलेलं नाही.

माझ्या आत्याचं पुढे काय झालं, असं चहाच्या वेळी एकीनं विचारलं. तिची पिशवी बेचाळिसाव्या वर्षी काढली. कशासाठी काढली, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि आम्ही कुणी कागद जपून ठेवले नाहीत.

आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.