पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया आणि जखमेतील जंतुसंसर्ग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे ही वैद्यकाच्या इतिहासातील जुनी समस्या होय. तिच्या निवारणाचे श्रेय सामान्यतः जोसेफ लिस्टर यांना दिले जाते. १८६७ मध्ये त्यांनी मांडलेली कार्बोलिक आम्लाची पद्धती युगप्रवर्तक ठरली, यात शंका नाही. तथापि तिचा मुख्य रोख बाहेरून जखमेत शिरणाऱ्या जंतूंवर होता. आंत्रपुच्छ फुटल्यामुळे किंवा आतड्यास छिद्र पडल्यामुळे तातडीने पोट उघडावे लागते, तेव्हा जंतू रुग्णाच्या पोटातच पसरलेले असतात. या भेदाचे महत्त्व प्रस्तुत लेखात तपासले आहे.

पू वाहता करण्याचे तत्त्व :
इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. दोनच दिवस आधी, आंत्रपुच्छाजवळ पू साचल्याने, बकिंगहॅम राजवाड्यातच त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी गळू उघडून पुवाला वाट करून दिली. आंत्रपुच्छ मात्र काढले नाही. राजे बरे झाले व ९ ऑगस्टला राज्याभिषेक पार पडला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात पू आत कोंडू न देणे हाच मोठा आधार होता. दूषित जखमेची त्वचा लगेच न शिवता काही दिवसांनी शिवण्याच्या रीतीमागेही हाच विचार आहे. पहिल्या महायुद्धातील जखमींच्या उपचारांत या रीतीचा मोठा उपयोग झाला.

संशोधनाचा पुरावा :
१९६१ मध्ये अमेरिकेतील जॉन बर्क यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून प्रतिजैविकाच्या वेळेचे महत्त्व सिद्ध केले. जंतू ऊतींत पोहोचण्यापूर्वी दिलेले औषध सर्वाधिक प्रभावी ठरले. तीन तासांनी दिलेले जवळजवळ निष्फळ ठरले. १९६४ मध्ये अमेरिकेतच सुमारे १५ हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिनील किरणांनी शस्त्रक्रियागृहाच्या हवेतील जंतू घटले. परंतु संसर्गाचे एकूण प्रमाण घटले नाही. स्वच्छ जखमांत ते सुमारे ५ टक्के, तर आधीच पू झालेल्या जखमांत सुमारे २८ टक्के होते.

समारोप :
यावरून शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता गौण ठरत नाही. ती अपुरी आहे, एवढेच सिद्ध होते. तातडीच्या रुग्णाची जखम चिघळली की दोष केवळ हातांना किंवा हत्यारांना देणे इतिहासाला धरून नाही. छेदापूर्वी प्रतिजैविक दिले होते काय आणि दूषित जखम घाईने बंद केली काय, हे प्रश्नही तितक्याच काटेकोरपणे विचारले गेले पाहिजेत.