सायलेन्सरवरचा निळा डाग

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. एक तरी गडी बुलेटपुढे उकिडवा बसून बेंड पाईप घासताना दिसेलच. (इंजिनातून निघून सायलेन्सरला मिळणारा जो वाकडा पाईप असतो ना, त्याला गॅरेजवाले बेंड पाईप म्हणतात.) हातात ब्रासो, जुना बनियन आणि चेहऱ्यावर वैताग. कारण तो निळा-जांभळा डाग घासला की जातो, आणि दोन दिवसांत हजर!

हा डाग परत का येतो एवढंच मला शोधायचं होतं. शोधता शोधता निघालो भलतीकडेच. लेख थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी सोपे डाग उरकून टाकू. आमचं आजोळ जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. तिथली काळी माती पावसाळ्यात गरम पाईपवर उडाली की भाजून विटेसारखी बसते. शिवाय रस्त्याचं डांबर, पायाशी वितळलेला रेनकोट, आणि गंज. हे सगळे बाहेरून आलेले पाहुणे, त्यांना घालवता येतं. गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, चिखल भिजवून काढायचा, डांबराला रॉकेल (आता ते मिळत नाही, डिझेल चालतं), प्लास्टिक लाकडाच्या चिपेने खरवडायचं. गंजाला माझा आवडता उपाय म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून घासणे. ती अॅल्युमिनियमची असते, क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे न पडता गंज निघतो. वाळू, राख आणि पॉलिश पेपर मात्र अजिबात नको.

निळा डाग या जातीचा नाही. तो वरून लागलेला नसतो, तो धातूचाच रंग असतो. धातू हवेत तापला की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात तसेच या थरावरही दिसतात, आणि थर जाड होत जाईल तसा रंग बदलतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. साध्या पोलादावर गवती रंग साधारण २२० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. क्रोमला याहून जास्त ताप लागतो, पण क्रम तोच.

आता गंमत बघा. थर्मामीटर नसताना जगभरचे लोहार शेकडो वर्षं नेमके हेच रंग बघून काम करत आले. हत्याराला पाणी दिल्यावर ते फार ठिसूळ होतं, म्हणून परत थोडं तापवायचं आणि पात्यावर रंग कुठवर सरकला ते बघून थांबायचं. धार टिकायला हवी तर पिवळ्यावर, लवचिकपणा हवा तर निळ्यावर. जो रंग लोहाराला माहिती देत होता, तोच आपण ब्रासो लावून पुसतो!

आणि तो आजही माहिती देतोच. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, टायमिंग मागे पडलं किंवा गाडी उभ्या उभ्या खूप वेळ चालू ठेवली, की पाईप जास्त तापतो आणि निळा होतो. सर्व्हर गचकला की आपण लॉग वाचतो, डिलीट करत नाही. इथे मात्र सगळे लॉग डिलीट करण्याच्या मागे.

पण मग हा चकचकीतपणा इतका महत्त्वाचा झाला कधी? क्रोम प्लेटिंग धंद्यात वापरण्याजोगं झालं ते १९२० च्या दशकात अमेरिकेत, आणि गाड्यांच्या कारखान्यांनी ते लगेच उचललं. त्याआधी निकेल असायचं, ते काळवंडायचं. खरं सांगायचं तर चमक अजूनही खालच्या निकेलचीच असते. वरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ. त्याचं काम राखणदाराचं. म्हणून दर रविवारी घासणारा माणूस डाग आणि राखणदार दोघांनाही थोडं थोडं संपवत असतो.

आपल्याकडे ही चमक आली ती १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटबरोबर, मग १९६० साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या आयडियल जावाबरोबर (एकाच सिलिंडरला दोन-दोन सायलेन्सर, म्हणजे घासायचं काम डबल), आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्सच्या राजदूतबरोबर. राजदूत मूळची पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. मराठवाड्याच्या खेड्यांत खरी रुळली ती हीच. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि अर्धवट जळालेलं ते काळं तेल सांध्यांतून बाहेर यायचं. आत साठलेला कार्बन कॉस्टिक सोड्याने किंवा सरळ जाळून काढायचा. १९८५ साली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, तेव्हा सायलेन्सर स्वच्छ राहतो ही लोकांना नवलाईच होती.

याच काळात आमच्याकडच्या लग्नांच्या यादीत सायकल, घड्याळ, रेडिओच्या पुढे एक नवीन ओळ आली: गाडी. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे राजदूतपेक्षा एक वर्षाने मोठा. पण यादी करताना त्याची आठवण कोणाला? मांडवाबाहेर हार घालून उभी केलेली गाडी पाहुणे बघून जायचे, आणि उन्हात सगळ्यात आधी डोळ्यात भरायचा तो सायलेन्सर.

माझ्या मामांची राजदूत अशीच १९८८ साली मामीबरोबर आली. मामा ती चालवायचे, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी घासायची मामी. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून झाली की गाडीकडे वळायची. मी लहानपणी तिला विचारलं होतं की मामी, तूच का घासतेस, मामा का नाही? ती म्हणाली, "माझ्या बापाचं दोन एकर हाय बाळा ते. लख्ख नको ठेवू?"

मला तेव्हा वाटलं ती विनोद करतेय.

चमकेची किंमत मोजणारे आणखीही लोक आहेत. क्रोमच्या टाकीत क्रोमिक अॅसिड असतं, आणि प्लेटिंग चालू असताना त्याचे बारीक थेंब हवेत उडतात. हे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. त्याने कामगारांच्या नाकातल्या पडद्याला भोकं पडतात, आणि ते फुप्फुसाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतं हे १९९० सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पक्कं नोंदवलंय. त्यापेक्षा कमी घातक असा ट्रायव्हॅलंट प्रकार निघाला आहे, त्याची छटा किंचित वेगळी दिसते. गाडी जुन्यासारखीच दिसली पाहिजे हा आपला हट्ट मला म्हणूनच जरा खटकतो.

नवीन गाड्यांत बरेच सायलेन्सर काळे, मॅट. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, पाईपच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि बहुतेक गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर. पेट्रोल जास्त की हवा जास्त हे तो सेन्सर क्षणोक्षणी कंप्युटरला सांगतो. लोहाराच्या डोळ्याचं काम आता चारपाचशे ओळींचा कोड करतो म्हणा ना. (चारपाचशे हा आपला माझा अंदाज, एम्बेडेडवाले हसतील.)

जालना शहर आज ओळखलं जातं ते सळईसाठी. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून त्याच्या सळया ओढतात, आणि त्या बांधकामांत जातात. मामांची राजदूत काही वर्षांपूर्वी भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली. मामा घरातच बसले होते. मामी मात्र वजन बघायला काट्यापाशी स्वतः उभी राहिली.